साडूचा पट्टा

साडू हे नातं आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. सासऱ्याला मान असतो, मेव्हण्याचे लाड असतात, जावयाला अधिक महिन्यात वाण तरी मिळतं. साडूच्या वाट्याला काय? एकाच कडक शाळेत प्रवेश मिळालेली दोन मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांकडे पाहून मान हलवतात, तेवढंच. माझे मात्र गेल्या काही वर्षांतले बहुतेक रविवार या माणसाच्या सायकलचं मागचं चाक बघण्यात गेले. त्याला मी अण्णा म्हणतो. समोर अहो-जाहो, लिहिताना अरे-तुरे. तो माझं लिहिलेलं वाचत नाही, म्हणून हे चालतं.

अण्णा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांपूर्वी आलं. कुणा सरदाराच्या घोड्याला चंदी चारता चारता पूर्वज इथवर पोचले आणि हवा आवडली म्हणून राहिले, असं तो सांगतो. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो, म्हणजे त्याच्या हिशेबी कालचा.

"आम्ही चारशे वर्षं मराठी सांभाळलोय रे," तो मला सुनावतो. "तुम्ही लोकं गाडीत बसल्या बसल्या इंग्लिश सुरू करता, नव्हे?"

आणि लगेच पुढे, अर्ध्या कानडीत, "सरी, चल आता, स्वल्प पाणी पिऊन निघू."

तो बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात गिअरचे दाते तपासतो. मी बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत बसून काय करतो, ते मला अजून त्याला समजावून सांगता आलेलं नाही. आमच्या दोघांत समान असं काही नव्हतं. मग आम्ही दोघांनी ग्रॅव्हल बाईक घेतल्या. ग्रॅव्हल बाईक म्हणजे शर्यतीच्या सायकलीने दूधवाल्याच्या सायकलशी केलेलं आंतरजातीय लग्न. हँडल वाकडं आणि तोऱ्याचं, टायर जाड आणि सोशिक. डांबर संपलं की या सायकलीला कंठ फुटतो.

बंगळुरात डांबर संपायला बराच वेळ लागतो, पण मागडीच्या बाजूला एकदा संपलं की मग मजा येते. तलावाचे बांध, तुतीची शेतं, निलगिरीच्या रांगांमधून जाणारी लाल वाट, आणि मधूनच जमिनीतून टक्कल वर काढावं तसे उघडे काळे डोंगर. गावं जुनी आहेत. एखाद्या वेशीपाशी युद्धात पडलेल्या वीराचा दगड उभा असतो, वर चंद्र-सूर्य कोरलेले, आणि वीराच्या तलवारीवर कुणाची तरी लुंगी वाळत असते. मला आधी याचं वाईट वाटायचं. नंतर वाटलं, एवढी शतकं उभं राहून लुंगीच्या उपयोगी पडणं हेही काही कमी नाही.

सुगीच्या दिवसांत तिथल्या बायका नाचणीची कणसं रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली फुकटात मळणी होते. लॉरी आली की त्या खूश होतात. आम्ही आलो की हसतात. एकदा एकीने आमच्या सायकलींकडे बघून कानडीत काहीतरी म्हटलं आणि अण्णा लाजला. मी अर्थ विचारला. "दोघांपेक्षा आमची कोंबडी बरी मळते, म्हणते," तो म्हणाला. मी माझं पोट दाखवून सांगितलं की माझ्या वजनाचा असा अपमान याआधी कुणी केला नव्हता.

असं सगळं बरं चाललं होतं. मग मागच्या वर्षी जे. पी. नगरच्या भाजीवाल्यापाशी कारली निवडता निवडता अण्णा मटकन खाली बसला. हृदयविकाराचा झटका. नळी घातली, वाचला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, हळूहळू वाढवा, ठोके अमुक आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. डॉक्टर खूश होते. अण्णा खूश होता. ताई नव्हती.

ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, अण्णाची बायको. तिचे वडील, म्हणजे आमचे सासरे, सरकारी कारखान्यात विमानांची इंजिनं तपासत. ट्रायल झाल्याशिवाय उडवायचं नाही, हा त्यांच्या घरचा कुळाचार. मिक्सर आणला की ट्रायल, पाहुण्यांना जेवायला बोलवायचं की आदल्या दिवशी भाजीची ट्रायल. माझ्या लग्नाआधी मला तीनदा चहाला बोलावलं होतं, त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. तर ताईने जाहीर केलं की अण्णाची पण ट्रायल होईल. डोंगरावरच्या एका जुन्या गावापर्यंत मातीच्या वाटेने चढायचं. ठोके काबूत राहिले तर यापुढे दर रविवारी मोकळीक. नाही राहिले तर सायकल भाच्याला देऊन टाकायची आणि अण्णाने सकाळी बागेत हातवारे करणाऱ्या मंडळींबरोबर उभं राहायचं.

अण्णाला झटक्याची भीती वाटली नव्हती एवढी त्या बागेची वाटली. "तिथं ते सगळे मिळून जोरात हसतात रे," तो मला म्हणाला. "कारण काही नाही. नुसते हसतात."

ठोके मोजायला त्याच्या मनगटावर एक घड्याळ आलं होतं, ते रात्रंदिवस तिथंच असायचं. सायकलवर हादऱ्यांनी घड्याळ खोटं बोलतं, म्हणून सायकलसाठी छातीला बांधायचा एक पट्टा होता. घड्याळ काय किंवा पट्टा काय, आकडा अण्णाच्या फोनवर यायचा आणि तिथून ताईच्या फोनवर. हिरवा असला की ठीक, लाल झाला की ताईचा फोन घंटा वाजवायचा. ताईला मी चेष्टेने कंट्रोल रूम म्हणायचो. जेवताना, बोलताना, वाण्याकडे डाळ मोजून घेताना तिचा एक डोळा फोनवर. माझी बायको पण हसायची. "ताई, नवऱ्याकडे नाही बघितलंस एवढं कधी," असं म्हणायची.

अडचण एवढीच होती की डॉक्टरांनी दिलेल्या आकड्यातून ताईने आपल्या मनाने बरेच ठोके कापून टाकले होते. हॉटेलवाला बटाटेवड्यातून बटाटा कापतो तसे. त्या आकड्यात जिना चढता आला असता, डोंगर नव्हे.

"तुझं वय कमी," ट्रायलच्या आधी अण्णा मला म्हणाला. "झटका-बिटका काही नाही. तू स्वल्प हळू चालव, ठोके खालीच राहतील. पट्टा तू बांध."

पुण्याच्या माणसाला कुणी युक्ती सांगितली की तो आधी तिच्यात खोट काढतो. मी काढली नाही, कारण युक्ती मला फारच आवडली होती.

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. ताई आणि माझी बायको गाडीने, डबे, थर्मास, घडीच्या खुर्च्या आणि छत्र्या घेऊन डांबरी रस्त्याने त्या गावात जाणार होत्या. आम्ही दुसऱ्या अंगाने, मातीच्या वाटेने चढून त्यांना वर भेटणार होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी निम्मं बेळ्ळंदूर तिथे फोन उंचावून उभं राहील.

वाटेत तट्टे इडली खाल्ली. ताटाएवढी इडली, वर लोण्याचा गोळा. मग त्या हॉटेलच्या मागे, हात धुवायच्या पिंपाआड, अण्णाने सदरा वर करून पट्टा सोडला आणि मी सदरा वर करून बांधला. पट्टा अण्णाच्या घामाने ओला होता. साडूचा घाम छातीला लावून घेण्याइतकं हे नातं जवळचं असावं, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. त्याचा फोन माझ्या पाठीवरच्या खिशात गेला, घड्याळ पण गेलं, आणि अण्णा हलका होऊन सायकलवर असा बसला की मला त्याच्या कॉलेजातल्या दिवसांची कल्पना आली.

चढ सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत तो माझ्याबरोबर होता. दुसऱ्या वळणाला त्याची पाठ दिसत होती. तिसऱ्याला नुसता आवाज यायचा, कारण तो गात होता. कित्येक महिने ज्याला जिन्यावर कठडा धरून चढवलं होतं, तो माणूस डोंगर चढता चढता कानडी भजन म्हणत होता, बेसूर आणि मोठ्याने. मला फार बरं वाटलं. मी ठरल्याप्रमाणे हळू चालवत होतो. वाटेतले दगड चुकवत, एखाद्या पाटीलबुवासारखा आजूबाजूला बघत.

मध्येच छातीत काहीतरी फडफडलं. मी म्हटलं, लोणी. दहा-पंधरा पावलांवर परत फडफडलं. मी उतरलो आणि सायकल हातात धरून उभा राहिलो. उभा राहिलो तरी ते थांबेना. तेवढ्यात पाठीवरचा फोन वाजला. अण्णाचा फोन. ताई.

न उचलावा तर ती घाबरेल, उचलावा तर पकडले जाऊ. मी उचलला.

"हां ताई. अण्णा ना... ते जरा झाडीत गेलेत."

"झाडीत?" ताईचा आवाज चढला. "झाडीत जाऊन काय करताहेत? अहो, आकडा बघा कसा नाचतोय! वर जातो, खाली येतो, परत वर. असं कधीच झालं नव्हतं. त्यांना आधी खाली बसवा."

"ताई, पट्टा सरकला असेल."

"भावोजी, तुम्ही त्यांना खाली बसवा! आम्ही येतोय." फोन बंद झाला.

मी हाक मारली. गाणं थांबलं आणि दगड उडवत अण्णा उतारावरून खाली आला. गाल लाल, डोळ्यांत चमक, पोरासारखा.

"काय रे? पंक्चर?"

"तुमचं हृदय नाचतंय म्हणे," मी म्हणालो. "ताईचा फोन होता. त्या दोघी खाली येताहेत."

अण्णाचा हात झटकन स्वतःच्या छातीवर गेला. माझाही जीव त्याच्यासाठीच धसकला, खोटं कशाला बोलू. दोघं त्याच्या छातीकडे बघत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग त्याने हात हळूच खाली घेतला.

"अरे," तो म्हणाला, "पण पट्टा तर तुझ्याकडे आहे."

 त्याने माझी सायकल काढून घेतली, मला एका करंजाच्या झाडाखाली बसवलं आणि माझा हात धरला. त्याचा हात थंडगार पडला होता. मला भीती वाटली. चेष्टा करायला एक वाक्य शोधत होतो आणि सापडत नव्हतं, एवढी.

वरून ताई आणि बायको चपला हातात घेऊन धावत आल्या. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने अण्णाला दंडाला धरून खाली बसवलं, त्याच्या सदऱ्याची गुंडी सोडली, ओढणीने वारा घालायला लागली.

"मला काही झालं नाही गं," अण्णा म्हणाला.

"बोलू नका."

आता खरी गंमत होती. गप्प राहिलो तर ट्रायल नापास, पण लबाडी झाकलेली. तोंड उघडलं तर ट्रायल नापास, लबाडी उघडी, आणि ताईने नवऱ्याला परत सायकलला हात लावू दिला नसता, या जन्मी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी अण्णाकडे बघून डोळ्यांनी खुणावत होतो की गप्प राहा, माझं थांबेल आपोआप, घरी गेल्यावर बघू.

अण्णाने माझ्या खुणेकडे लक्ष दिलं नाही.

"पट्टा त्याच्या छातीवर आहे," तो म्हणाला. "मीच दिलो. तो नको म्हणत होता." हे शेवटचं वाक्य खोटं होतं. "मला सोड गं, त्याला बघ आधी."

ताईचा वारा घालणारा हात थांबला. तिने अण्णाकडे असं बघितलं की मी त्याच्या जागी असतो तर खरोखर झटका आला असता. पण ते क्षणभरच. मग ती गुडघ्यांवर वळली आणि माझ्या मनगटावर तिची बोटं आली. माझी बायको नुसती उभी होती, एक चप्पल हातात आणि एक पायात. ताई सगळं करत होती. मला पडायला लावलं, मानेखाली छत्रीची पिशवी दिली, दुखतंय का, हातात जातंय का, अंधारी येते का, एकापाठोपाठ विचारलं. कंट्रोल रूम, कंट्रोल रूम म्हणून मी जिची एवढी टिंगल केली, तिच्या बोटांना नाडी अशी सापडत होती जशी आपल्याला अंधारात घरातलं दिव्याचं बटण सापडतं.

त्या वाटेने गाडी येण्यासारखी नव्हती. दुधाचे कॅन घेऊन एक माणूस मोपेडवरून वर चालला होता. ताईने त्याला कानडीत थांबवलं, कॅन उतरवून ठेवायला लावले आणि मला मागे बसवलं. माझी बायको मोपेडला धरून बाजूने पळत होती.

"सायकली राहिल्या," कुणीतरी म्हणालं. मीच म्हणालो असणार.

"सायकलींचं काय घेऊन बसलात!" ताई ओरडली. मग मागे वळून अण्णाला म्हणाली, "तुम्ही घेऊन या चालवत. सावकाश."

ज्या परवानगीसाठी त्या माणसाने एवढी खटपट केली, लबाडी केली, ती अशी रस्त्यात पडलेली सापडावी तशी मिळाली. ताईच्या ते लक्षातही आलं नाही. अण्णाच्याही आलं नसावं. तो माझ्याकडे बघत होता.

गाडीने आम्ही थेट शहरात हॉस्पिटल गाठलं. तिथे त्यांनी आलेख काढला, रक्त काढलं, पट्टा काढला. ठोक्यांची लय बिघडते आहे, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर कळलं. गोळ्यांनी बहुतेक भागेल, अजून तपासण्या कराव्या लागतील, एक-दोन दिवस इथेच राहा. हे कळलं कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या बायकोने ताईकडे बघितलं आणि ताईने ट्रेमधल्या पट्ट्याकडे.

दुपार अशीच गेली. चहाची वेळ झाली तेव्हा ताई एकदम उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अय्या, हे कुठं आहेत?"

नवरा डोंगरावरच राहिला होता. त्याचा फोन माझ्या खिशात, घड्याळ माझ्या खिशात, पट्टा स्टीलच्या ट्रेमध्ये. ताईच्या फोनवर आकड्याच्या जागी नुसती रेघ होती. ती त्या रेघेकडे बघत खुर्चीत बसून राहिली. हिरवं नाही, लाल नाही, काहीच नाही. 

दिवेलागणीला अण्णा आला. डोक्यापासून पायांपर्यंत लाल माती, पापण्यांवरसुद्धा. आधी स्वतःची सायकल माथ्यावर नेली, मग चालत उतरून माझी नेली. माझी त्या दूधवाल्याच्या घरी ठेवली आणि आपल्या सायकलवर बसून रस्ता विचारत विचारत, आधी घरी आणि घराला कुलूप म्हणून मग मागे त्याला नेलं होतं त्याच हॉस्पिटलात, असा तो आला होता. म्हणजे तो डोंगर त्याने दोनदा चढला होता आणि शिवाय अख्खं शहर ओलांडलं होतं, आणि हे सगळं करताना त्याच्या हृदयाकडे जगात कुणाचंही लक्ष नव्हतं.

"कसा आहेस रे?" त्याने मला विचारलं.

"मला काय धाड भरली आहे," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मातीसकट.

ताईने त्याला खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं. रागावली नाही. ओढणीच्या टोकाने त्याच्या भुवईवरची माती पुसली आणि म्हणाली, "खाली कँटीन आहे. सगळ्यांना चहा आणा." तो गेला.

मग माझी बायको, जी दिवसभर माझ्या पायाशी बसली होती, तिने आपला फोन ताईपुढे धरला.

"ते तुझ्यासारखं मला लावून दे ना," ती म्हणाली. "ह्यांचं."

डोळे मिटलेले होते म्हणून मी झोपलो आहे असं दोघींना वाटलं असावं. ताई तिला शिकवत होती. इथं दाब, मग इथं. हिरवं असलं की आपण आपलं काम करायचं. लाल झालं तर आधी फोन कर, ओरडू नकोस, माझ्यासारखं करू नकोस.

"आणि रात्री बघायचं नाही," ताई म्हणाली. "एकदा बघायला लागलीस की सुटत नाही गं. ते शेजारी घोरत असतात, आणि आपण पांघरुणात फोन धरून आकडा बघत उजाडायची वाट बघतो. मी अजून बघते. रोज."

मी डोळे उघडले. अण्णा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.